दोन किल्ल्यांचा माणूस

श्रीहरीराव बोलायला लागले की समोरच्याची बस चुकायची. ही काही उगाच म्हणायची गोष्ट नव्हे. धारवाडात केलगेरीच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बैठं घर, घरासमोरच बसथांबा. थांब्यावर कुणी दिसलं की "काय, हुबळीला?" एवढंच विचारत ते फाटकाशी यायचे. माणूस "होय" म्हणाला की संपलं. हुबळीवरून गाडी वळायची ती त्यांच्या मामाच्या जुन्या हुबळीतल्या रंगाच्या दुकानावर, दुकानावरून मामाच्या घोड्यावर, आणि घोड्यावरून तो ज्या पोस्टमनला चावला त्या पोस्टमनच्या सासुरवाडीवर. तोवर बस येऊन जायची. चारची बस तर फार लोकांची चुकली. त्या वेळी श्रीहरीराव चहा पिऊन ताजेतवाने झालेले असत.

एकदा वडिलांच्या श्राद्धाला बाळाचार्य आले होते. संकल्प सोडताना श्रीहरीरावांना वडिलांची एक आठवण आली. ती सांगून होईस्तोवर वरणावर साय धरली. शेवटी बाळाचार्य हात जोडून म्हणाले, "श्रीहरीराव, पुरे करा आता. तुमचे वडील येऊन, ऐकून, कंटाळून परत निघाले असतील."

असा हा माणूस. त्यांना गप्प करणारं माणूस जगात एकच होतं. त्यांची थोरली बहीण अंबूताई. सगळे तिला ताई म्हणत, श्रीहरीराव अक्का म्हणत. विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आली, ती घरातल्या खांबासारखी होऊन गेली. भाऊ बोलत सुटला की ती आवाज चढवत नसे. डाव्या हातानं भाजी निवडत असेल तर उजव्या हाताचं, उजव्या हातात सुरी असेल तर डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवायची. "श्री, गप." झालं. चौसष्ट वर्षांचा गडी, निवृत्त हेड कॅशियर, शाळेतल्या पोरासारखा गप्प व्हायचा.

आता त्या कॅशियरकीचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

श्रीहरीरावांनी एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षं काढली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक मॅनेजरकडं, दुसरी हेड कॅशियरकडं. दोन्ही वेगळ्या. एकीनं तिजोरी उघडायची नाही, दोन्ही लागल्या तरच दार हलायचं. मॅनेजरची किल्ली कुठं असते हे कॅशियरनं विचारायचं नाही, कॅशियरची कुठं असते हे मॅनेजरनं. एकानं किल्ली फिरवली की दुसऱ्यानं तोंड भिंतीकडं करून उभं राहायचं. तशी सभ्यताच होती ती. जयतीर्थ मॅनेजर आणि श्रीहरीराव अशी एकवीस वर्षं एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले, आणि त्या दोघांत होता तेवढा जिव्हाळा सख्ख्या भावांत नसतो.

एका उन्हाळ्यात श्रीहरीरावांना टायफॉईड झाला. अंगात ताप एकशेतीन. जयतीर्थ मॅनेजर घरी येऊन म्हणाले, "श्रीहरी, किल्ली दे, मी बघतो." श्रीहरीरावांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही किल्ल्या तुमच्या हातात आल्यावर ती तिजोरी कसली? तो तर डबा झाला." आणि शाल गुंडाळून, टांग्यात बसून, गेले. तिजोरी उघडली, भिंतीकडं तोंड केलं, आणि भिंतीलाच टेकून खाली बसले. टांग्यातून परत आणलं त्यांना.

ती किल्ली घरात कुठं राहते, हे त्यांनी बायकोला, गोदाबाईंनाही, कधी सांगितलं नाही. गोदाबाई चारचौघांत म्हणायच्या, "आमच्या घरात मी सून नव्हे हो, चोर आहे." श्रीहरीराव हसून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम." निवृत्त झाले, किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, तरी जागा सांगितली नाही ती नाहीच.

निरोपाला बँकेच्या मंडळींनी त्यांना घड्याळाऐवजी एक संगणक दिला. त्यावर श्रीहरीराव पत्ते खेळायचे. पुढं एक मोबाईल घेतला. त्यात आवाज साठवून ठेवता येतो हे कळल्यावर त्यांनी दुधवाल्याचा, बाळाचार्यांचा, फाटकाच्या कुरकुरण्याचासुद्धा आवाज साठवला. आणि दोन हजार सातच्या श्रावणात, एका दुपारी, अंबूताईचं गाणं.

ताईचं गाणं म्हणजे काही गायकी नव्हे. डोहाळजेवणाला, हळदीला, बारशाला बायका म्हणतात त्या ओव्या. पण पंचक्रोशीत कुणाच्या घरी पाळणा हलायचा असला की ताईला बोलावणं यायचंच. आईकडून आलेल्या ओव्या होत्या तिच्याजवळ, कागदावर एकही नाही. श्रीहरीरावांची एकुलती एक लेक उत्तरा सोलापूरला दिलेली, तिला दिवस गेले होते. बाळाला पाळण्यात ऐकवायला म्हणून ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं. सात मिनिटं.

आणि गौरी जेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूताई न्हाणीघरात पडली.

श्रीहरीराव धावले. दोन्ही हातांनी तिला उचलायला वाकले, तेव्हा सदऱ्याच्या खिशातला फोन घंगाळात पडला. तो पडला हे कुणाला कळलंही नाही. रिक्षा, दवाखाना, सलाईन, सह्या. दुपारी चार वाजता गोदाबाई घरी परत आल्या, आंघोळीला गेल्या, आणि घंगाळाच्या तळाशी त्यांना तो फोन दिसला.

ताई वाचली. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. डोळ्यांत सगळी ओळख होती, पण तोंडातून शब्द येईना. ताईचा आवाज जगात दोन जागी होता, एक तिच्या गळ्यात आणि एक त्या फोनात. दोन्ही एकाच घटकेत पाण्यात गेले.

महिन्यानं तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी. जुनी गाणी ऐकवा. त्यांचं स्वतःचं काही रेकॉर्ड केलेलं असेल तर फारच बरं. पहिल्या तीन महिन्यांत काय ते होतं. होईलच असं नाही सांगत मी, पण प्रयत्न करा."

श्रीहरीरावांनी तिथल्या तिथं खाली मान घातली. बोलत राहायचं काम त्यांना जमण्यासारखं होतं. ते महिनाभर रोज ताईच्या उशाशी बसून बोलतच होते, घोड्याचं, पोस्टमनचं, सगळं. ताई छताकडं बघत पडायची. बोट ओठांवर ठेवत नव्हती. आणि हेच त्यांना सहन होत नव्हतं. एक दिवस ते स्वयंपाकघरात येऊन गोदाबाईंना म्हणाले, "अगं, ती मला गप्पसुद्धा म्हणत नाही." आणि रिकाम्या ताटासमोर बसून राहिले.

फोन दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं तो उघडला, पुसला, बल्बखाली वाळवला आणि मान हलवली. स्पीकर गेला होता. हेडफोन घातला तर नुसतं खर्र. बॅटरी फुगून गेली होती. "घरी जाऊन चार्जरला लावा काका. पेटला तर पेटला. पेटला तर मात्र चार्जर काढू नका. एकदा विझला तर परत उठेल असं मला वाटत नाही. नवीन सॉफ्टवेअर घालू म्हणाल तर आतलं सगळं पुसून जाईल."

घरी चार्जरला लावला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा पडदा उजळला. गोदाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. गाणं आत होतं, नाव दिसत होतं, 'अक्का'. दाबलं की रेघ पुढं सरकायची, सात मिनिटं सरकत राहायची, आणि आवाज मात्र कणभरही नाही. श्रीहरीराव कान लावून सात मिनिटं ती मुकी रेघ बघत बसायचे. पडद्याच्या डाव्या कडेला एक काळी पट्टी उमटली होती. दुसऱ्या दिवशी ती बोटभर रुंद झाली. हा पडदा असाच काळा होत गेला तर आत गाणं असून हात पोचणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

उत्तराला सोलापूरला फोन केला. तिला आठवा महिना. ती बिचारी म्हणाली, "अप्पा, ब्लूटूथनं कंप्युटरवर घ्या, कंप्युटरला स्पीकर आहेत की. पण तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते मला इथं कसं दिसणार?"

म्हणून श्रीहरीराव हुबळीला निघाले. या वेळी थांब्यावर ते स्वतः बसची वाट बघत होते, आणि कुणाशी बोलले नाहीत.

केशवापुरात महादेवचं संगणकाचं दुकान होतं. महादेव कानडी माणूस, मराठी बोलायचा ते हसत हसत. त्यानं एक बोटाच्या पेराएवढी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. "हे बघा सर्, ब्लूटूथ अडॅप्टर. कंप्युटरला मागं खाचेत घालायचं. सीडी आहे, ती आधी घाला. गाणं वाजवायचा प्लेअर पण घालून देतो त्याच सीडीत. मग कंप्युटर फोनला शोधतो, फोन कंप्युटरला शोधतो, दोघं भेटले की झालं लग्न."

"मला एकदा करून दाखव बाबा."

"बरी, या इकडं, दाखवतो की." महादेवनं स्वतःचा फोन काढला, दुकानातल्या संगणकाला ती वस्तू लावली. निळा दिवा लुकलुकला. "आता बघा, हे गुप्त नंबर विचारतंय. इथं एक टाकायचा, इकडं फोनवर..."

गुप्त नंबर म्हटल्याबरोबर श्रीहरीराव वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

महादेव नंबर दाबून मोकळा झाला. मान वर केली तर गिऱ्हाईकाची पाठ. "काय झालं सर्?"

"काही नाही, काही नाही. तुझं चालू दे. मी बघितलं नाही."

"बघायचंच होतं की री!"

"छे छे. तुझा आकडा मी कशाला बघू? दोन्हीकडं आकडा द्यायचा, कळलं मला. आमच्याकडंही तसंच होतं." आणि मग निघालाच तो विषय. जयतीर्थ मॅनेजर, टायफॉईड, टांगा. महादेवच्या दुकानात चार गिऱ्हाइकं आली, उभी राहिली आणि गेली. श्रीहरीरावांनी त्याला घरी यायचीही गळ घातली. पण दिवाळीचा हंगाम, दुकानात तो एकटा. "दिवाळी झाली की नक्की येतो सर्," म्हणाला. दिवाळीला सोळा दिवस होते. पडद्यावरची पट्टी तेवढी थांबणार नव्हती.

घरी आल्यावर श्रीहरीरावांनी सगळं महादेवनं सांगितलं तसं केलं. सीडी घातली. संगणकानं दहा वेळा 'पुढे जाऊ का' विचारलं, त्यांनी दहा वेळा परवानगी दिली. अडॅप्टर खाचेत घातला, निळा दिवा लागला. वीज केव्हाही जायची, म्हणून फोनचा चार्जर संगणकाच्या यूपीएसला लावला. संगणकानं फोन शोधलासुद्धा. श्रीहरीराव टाळी वाजवून ओरडले, "सापडला गं! गोदे, सापडला!"

आणि मग ती चौकट आली. गुप्त आकडा द्या.

श्रीहरीराव खुर्चीत ताठ झाले. "अगं, इकडं ये. फोन तू घे. हे दोन माणसांचं काम आहे. माझा आकडा मी संगणकावर देतो, तुझा तू फोनवर दे. मला सांगायचा नाही."

"कसला आकडा?"

"तुझ्या मनातला कुठला तरी. पण मला सांगू नकोस."

"आणि तुमचा?"

"माझा तुला कशाला?"

गोदाबाईंनी आकडा दाबला. श्रीहरीराव भिंतीकडं वळले होते. मग त्यांनी आपला दाबला, तेव्हा गोदाबाईंना डोळे मिटायला लावले. संगणकानं क्षणभर विचार केला आणि जमलं नाही म्हणून सांगितलं.

"तू चुकीचा दिलास."

"माझ्या मनातला दिला. मनातला चुकीचा कसा असेल?"

परत केलं. परत नाही. गोदाबाईंनी उत्तराच्या जन्माचं साल दिलं, घराचा नंबर दिला, लग्नाची तारीख दिली. श्रीहरीरावांनी काय काय दिलं ते त्यांनाच माहीत. त्या दिवशी नऊ वेळा झालं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, अकरा वेळा. अडॅप्टर काढला, फुंकला, परत घातला. दुसऱ्या खाचेत घातला. सीडी परत घातली. महादेवला फोन केला तर दुकानातला गोंगाट, आणि त्यातून त्याचा आवाज, "दोन्हीकडं नंबर टाकला का सर्?"

"टाकला रे! दोन्हीकडं टाकला!"

"मग व्हायलाच पाहिजे की! परत एकदा करा री, आगतद, होतंय!"

परत केलं. नाही झालं. काळी पट्टी आता अर्ध्या पडद्यावर आली होती. नावाची सुरुवात तिच्याखाली गेली, नुसतं 'का' दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी श्रीहरीराव सकाळपासून बोललेच नाहीत. चहाला बोलावलं तर आले, प्यायले, परत संगणकापुढं जाऊन बसले. निळा दिवा लुकलुक करत होता. आतल्या खोलीत ताई खोकली. गोदाबाईंनी तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन बघतात तर नवरा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला. बत्तीस वर्षांत एकदाही ज्याच्या हातून तिजोरी अडली नाही, तो माणूस पेरभर वस्तूपुढं हात टेकून बसला होता.

"मीच पाडला गं तो," ते म्हणाले. "खिशात ठेवायला नको होता. तिला उचलताना..."

"तिला उचलायचं का खिसा धरायचा? काहीतरीच बोलता." गोदाबाईंनी फोन हातात घेतला. "चला, परत एकदा करू."

दुपारचे चार वाजायला आले होते. चौकट उघडली. आणि त्याच वेळी वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला, पीं, पीं, पीं. बाहेरचा पंखा थांबला. नवा असताना तो यूपीएस पंधरा मिनिटं चालायचा. आता किती, कुणास ठाऊक. तो बंद पडला की चार्जर बंद, आणि चार्जर बंद की फोन.

"दे, दे लवकर आकडा दे!" श्रीहरीराव तोंड फिरवून म्हणाले.

गोदाबाईंनी आकडा दिला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. "मला एक सांगा. हा आकडा विचारतात कशाला?"

"अगं वेळ आहे का ही? दोघांनी आपापली किल्ली लावल्याशिवाय..."

"किल्ली राहू द्या. महादेव काय म्हणाला होता? फोन कंप्युटरला शोधतो, दोघं भेटतात. म्हणजे हे ओळख विचारतंय. माझ्या वडिलांनी मला पहिल्या पंचमीला न्यायला धोंडिबाला गाडी घेऊन पाठवलं होतं, आठवतं? तुमच्या घरी त्याला कोण ओळखत होतं? तुमच्या आईंनी दारातच अडवलं त्याला. मग त्यानं खूण सांगितली. वडिलांनी त्याच्याजवळ सांगून पाठवलेली, 'पोरीच्या पेटीच्या कडीला निळी दोरी आहे.' सासूबाईंनी मला आत येऊन विचारलं, 'तुझ्या पेटीला काय बांधलंय?' मी म्हटलं, निळी दोरी. तेव्हा सोडलं मला. धोंडिबानं एक आणि मी भलतंच सांगितलं असतं तर?"

पीं, पीं, पीं.

श्रीहरीराव भिंतीकडं तोंड करूनच उभे होते. हळूहळू वळले. "म्हणजे एकच आकडा?"

"एकच. तुम्ही सांगा, मी दाबते."

त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. चार आकडे होते, पण ते बाहेर येईनात. बत्तीस वर्षांची सवय आडवी आली होती. "अगं, तो... तो तसा सांगायचा नसतो..."

तेव्हा गोदाबाई म्हणाल्या, "तुमची किल्ली देवघरात शाळिग्रामाच्या पेटीखालच्या तांबड्या फडक्यात असायची. नवरात्रात पेटी हलवायची म्हणून चार दिवस पंचांगाच्या पुठ्ठ्यात. रोज देवघर पुसत होते मी. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं मला."

श्रीहरीरावांची मान देवघराकडं वळली. "आणि तू बोलली नाहीस?"

"मला जागा माहीत नाही, याचाच तुम्हाला केवढा आनंद होता."

यूपीएसचं ओरडणं आता लागोपाठ झालं.

"सहासष्ट चाळीस!" श्रीहरीराव ओरडले. "सहा सहा चार शून्य! किल्लीवर कोरलेला नंबर होता तो!"

गोदाबाईंनी दाबला. श्रीहरीरावांनी दाबला. दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडं तोंड करून उभे होते. संगणकानं विचार केला, आणि चौकट मिटली. नवीन चौकट आली आणि तीत फोनचं नाव होतं.

"पाठव! गाणं पाठव! त्या 'का'वर दाब!"

गोदाबाईंनी दाबलं. संगणकावर एक हिरवी रेघ सरकायला लागली. पाव झाली. अर्धी झाली. श्रीहरीराव तिला हातानं पुढं ढकलावं तसे खुर्चीतून पुढं झुकले होते. पाऊण. रेघ कडेला पोचली, आणि यूपीएस गप्प झाला. संगणक काळा. फोन काळा. निळा दिवासुद्धा गेला.

घरात इतकी शांतता झाली की बाहेर चारची बस थांबल्याचं ऐकू आलं.

"पोचलं का हो?"

"कुणास ठाऊक."

मग दोघं बसून राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं. वीज येईपर्यंत संगणक उघडणार नव्हता, आणि फोनचं बटण श्रीहरीरावांनी दाबूनसुद्धा बघितलं नाही. पाच वाजले. गोदाबाईंनी ताईला मऊ भात भरवला. सहाला दिवेलागण झाली, देवापुढचा दिवा तेवढा लागला. सव्वासहाला पंखा कुरकुरत फिरला. श्रीहरीरावांनी संगणक चालू केला, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. "तूच बघ. मला नको."

गोदाबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या शोधत होत्या. मग म्हणाल्या, "अक्का."

होतं. पुरं सात मिनिटांचं होतं. फोन चार्जरला लावून बघितला, तो मात्र पुन्हा कधीच उठला नाही.

स्पीकरची वायर ताईच्या खोलीपर्यंत पोचेना. मग दोघांनी मिळून संगणकाचं टेबलच ओढत खोलीच्या दारापर्यंत आणलं. ताईच्या पाठीशी उशा लावून तिला बसती केली. श्रीहरीराव पलंगाच्या कडेला टेकले. गोदाबाईंनी दाबलं.

आधी त्यांचाच आवाज आला. "अक्का, म्हण आता, चालू केलंय."

"काय चालू केलंयस?"

"फोन गं."

"बंद कर मेल्या, बिल येईल."

मग गाणं आलं. सावकाश, थोडं कापरं, पण ताईचंच.

तळ्याच्या काठानं, गाडी कुणाची वळली
माझ्या भावाच्या बैलांची, घुंगरं मी ओळखली

ताईनं मान वळवली. ती दाराकडं बघायला लागली. टेबलाच्या मागं, उंबऱ्यापलीकडं, कुणीतरी बाई उभी राहून गात असावी तशी. तिनं स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. तो तिच्या कानाला आईचा वाटला असेल, कुणाचा वाटला असेल, कोण सांगणार? तिचे डोळे दार सोडीनात. कुणी आत येत का नाही, असं काहीतरी त्या डोळ्यांत होतं. एवढं करून तिला कळतच नव्हतं.

आईनं बांधिली, शिदोरीला पाच पोळ्या
वाटेत उघडिता...

इथं गाणं अडलं होतं. ताईला पुढचं आठवेना. आणि त्या शांततेत श्रीहरीरावांचा आवाज आला, "तुपात घोळलेल्या!"

"गप रे श्री," स्पीकरमधली ताई म्हणाली. "तुला मेल्या खायचंच सुचतं."

गोदाबाई फिस्सकन हसल्या. आणि पलंगावरच्या ताईची मान दाराकडून वळली. ती हळूहळू श्रीहरीरावांकडं आली आणि त्यांच्या तोंडावर थांबली.

"अक्का!" श्रीहरीरावांचा बांध फुटला. "अक्का, तूच गं ती! श्रावणात म्हटलं होतंस, झोपाळ्यावर बसून, आठवतं? आणि तो फोन घंगाळात पडला, माझ्याच खिशातून, आणि मग मी हुबळीला गेलो, केशवापूरला, तिथं तो महादेव, त्यानं हे एवढंसं दिलं, आणि मला वाटलं दोन किल्ल्या, आणि ही म्हणाली एकच खूण, आणि हिला सगळं माहीत होतं बघ, पहिल्यापासून, शाळिग्रामाच्या पेटीखाली..."

ताईनं डावा हात उचलला. तो थोडा चुकला, आधी गालावर गेला, मग हनुवटीवर. मग बोट सरळ झालं आणि ओठांवर आलं.

श्रीहरीराव वाक्याच्या मध्येच थांबले.

वाटेत उघडिता, बोटांच्या खुणा ओल्या

ताई डोळे मिटून ऐकत होती. बोट ओठांवरून निघालं नव्हतं. श्रीहरीरावांच्या डोळ्यांतून पाणी गळून सदऱ्याच्या खिशावर पडत होतं आणि ते हूं की चूं करत नव्हते.

वाचा काही परत आली नाही. तीन महिने झाले, सहा झाले, डॉक्टर म्हणाले आता असंच चालायचं. ताई आणखी अडीच वर्षं जगली, ती न बोलता. ते गाणं सीडीवर घालून उत्तराच्या मुलाला सोलापूरला पाठवलं, आणि ते पोर पाळण्यात 'गप रे श्री' ऐकतच मोठं झालं. अडॅप्टर अजून संगणकाच्या मागं खोचलेला आहे. पुन्हा त्याचं काही काम पडलं नाही.

रोज दुपारी चार वाजता ताईला ते गाणं लावायचे. सात मिनिटं. ती बोट उचलायची आणि श्रीहरीराव शेजारी मुकाट बसायचे. त्या दिवसांत केलगेरीच्या थांब्यावर चारची बस कुणाचीही चुकली नाही.